लसणाची फोडणी

लसणाची फोडणी पडली की मला माझी धाकटी नणंद आठवते. मी सासरी नवी होते, पंच्याहत्तर साल असेल. तिला गोवर निघाला, ताप छातीत उतरला. साकोलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "पोटात अन्न गेलं तरच निभावेल." पण गोवर म्हणजे घरात माता, आणि माता असली की फोडणी बंद. पातळ पेजेवर पोर सुकत गेली. एका दुपारी शेजारून लसणाचा वास आला, तशी तिनं डोळे उघडले. "वहिनी, वरन हाय ना वो? मले दे ना थोडसं." सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "माता कोपंल," त्या म्हणाल्या. मी उठून खिडकी लावली. दोन दिवसांनी ती गेली. सुतक फिटल्यावर घरात वरणाला फोडणी पडली, ती माझ्याच हातची. आज इतक्या वर्षांनीही सलतं ते एवढंच, की ते वरण मला गोड लागलं होतं.