कुंकवाची पाच बोटं

अमेरिकेतल्या हर्नडनच्या आमच्या गॅरेजमध्ये नवऱ्याने ती जुनी मसल कार, दांडग्या इंजिनाची अमेरिकन गाडी, आणून ठेवली, तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. कुणाच्या तरी शेतावर ती वीसेक वर्षं उघड्यावर पडून होती. तळ गंजून आत गवत उगवलं होतं. मी दार ओढलं तर दारच हातात आलं.

दिवसभर ऑफिसात कोड लिहिणारा, घरचा नळ गळला तरी शेजाऱ्याला हाक मारणारा हा माणूस. पण तीन वर्षं प्रत्येक वीकेंडला तो गंज खरवडत बसला, वेल्डिंग शिकला, एकेका हँडलसाठी महिनोन्महिने थांबला. "नवीन मिळतंय ना, मग लाव की!" मी खेकसायची. "ओरिजिनलच पाहिजे," एवढंच तो म्हणायचा. चिडता चिडता मी त्याच्यासाठी टॉर्च धरून कधी उभी राहायला लागले, माझं मलाच कळलं नाही.

क्रीम रंग मारून झाला आणि दुसऱ्याच दिवशी दसरा आला. मी रीतसर पूजा केली: झेंडूची माळ, नारळ आणि बॉनेटवर ओल्या कुंकवाची पाच बोटं. रंग अजून कच्चा होता. कुंकू पुसलं, पण डाग गेले नाहीत. मला रडूच कोसळलं.

पुढे जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात एक म्हातारा अमेरिकन गाडीभोवती दोनदा फिरला आणि बॉनेटपाशी थांबला. "इतकं सुंदर काम केलंस, मग हे डाग का ठेवलेस?"

"ते ओरिजिनल आहेत," नवरा म्हणाला.