पांढऱ्या अक्षरांतला शेरा

डोळस माणसं वाचत नाहीत, चाळतात. हे मी रागाने म्हणतोय आणि अनुभवानेही. दीडशे पानांचं कंत्राट समोर आलं की पहिलं पान, शेवटचं पान आणि मधला एखादा तक्ता एवढं बघून सही ठोकणारे साहेब मी गुडगावमध्ये ढिगाने पाहिले. होय, पाहिले. हा शब्द मी सर्रास वापरतो. कुणाला खटकला तर खटको.

मला चाळता येत नाही. मी जन्मापासून अंध आहे आणि माझं वाचन स्क्रीन रीडरवर चालतं, म्हणजे पडद्यावरचा मजकूर कानात बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर. लिहिणाऱ्याने शीर्षकं नीट बसवली असतील तर मला एका प्रकरणावरून दुसऱ्यावर जाता येतं. पण आमच्याकडे सगळे नुसती अक्षरं ठळक करून मोकळे व्हायचे, आणि तेवढ्यावरून प्रोग्रॅमला शीर्षक ओळखता येत नाही. मग पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, प्रत्येक पानाच्या तळाशी छापलेल्या 'गोपनीय' या शब्दासकट, मी सगळं ऐकायचो. वेग इतका वाढवलेला असायचा की शेजारच्यांना तो नुसता खडखडाट वाटे. कलम बारा आणि कलम चौऱ्याण्णव एकमेकांच्या विरोधात जातायत हे त्या मजल्यावर मलाच कळायचं, आणि त्याचा मला माज होता.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी वाढलो. मी एखाद्या मंत्रालयात टेलिफोन एक्सचेंजवर चिकटावं, अशी वडिलांची इच्छा होती. आमच्यासारख्यांना साधारण तेवढंच मिळे. मग परदेशी कंपन्यांची कामं गुडगावला यायला लागली, शेतांत ऑफिसं उभी राहिली आणि त्यातल्या एकात मला कंत्राटं वाचायची नोकरी लागली. तिथली लिफ्ट मजल्याचा नंबर बोलून सांगायची. फाटकाबाहेर मात्र फुटपाथच नव्हता. कॅबचा ड्रायव्हर माझी बाही धरून मला आत सोडायचा.

आमचे साहेब पुण्याचे. बदली होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात पानिपतला जाऊन, हळहळून परतले होते. माझ्याशी मराठीत बोलायचे, माझी थट्टा करायचे. "अरे, तुझं मराठी म्हणजे हिंदीला मोहरीची फोडणी," असं म्हणायचे आणि स्वतःच मोठ्याने हसायचे. मलाही हसू यायचं. ऑफिसात आपलं माणूस आहे, असं वाटायचं.

एका मोठ्या परदेशी ग्राहकाचं काम येणार होतं. साहेब माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "यार, या वेळी लीड तूच. बिल्कुल. चार लोक तुझ्या हाताखाली, ग्राहकाशी बोलणंही तूच करायचंस."

मी ते घरी सांगून टाकलं. त्या दिवशी वडिलांनी टेलिफोनच्या नोकरीचा विषय काढला नाही.

एका शुक्रवारी दुपारी त्या कामाचा प्रस्ताव तपासायला माझ्याकडे आला. एकशे ऐंशी पानं. "शेवटचं परिशिष्ट मीच बनवलंय," साहेब म्हणाले, "त्यात काही बघायला नको. बाकीचं वाच आणि चुकांची यादी दे. सोमवारी ग्राहकाकडे जायचंय."

बघायला नको म्हटलेलं मी कधी सोडलेलं नाही. त्या परिशिष्टात, पान एकशे बासष्टवर, टीमचा तक्ता होता. लीडच्या जागी दुसऱ्याच एकाचं नाव होतं. आठ महिन्यांपूर्वी लागलेला तो, त्याला कंत्राट वाचायला मीच शिकवलं होतं. माझं नाव चौथं. स्क्रीन रीडरच्या विलायती आवाजाने ते नेहमीसारखंच मोडूनतोडून उच्चारलं आणि पुढे हुद्दा सांगितला: दस्तऐवज साहाय्य. मग त्याच सुरात आणखी एक ओळ आली. ती इंग्रजीत होती, पण अर्थ असा: 'अंध. ग्राहकासमोर नेऊ नये. वाचायला उत्तम, ठेवावा. नाहीतरी दुसरीकडे कुठे जाणार.'

मी ती ओळ पुन्हा ऐकली. वेग कमी करून आणखी एकदा ऐकली.

माझा मॉनिटर कायम बंद असे. मी तो चालू केला आणि शेजारच्या मुलीला विचारलं, "सुनो, मेरे नाम के नीचे क्या लिखा है?"

ती वाकली. "कुछ नहीं, खाली है."

ती गेल्यावर मी अक्षरांचा रंग सांगणारी कळ दाबली. पांढऱ्यावर पांढरं. ही युक्ती आमच्याकडे सगळेच करायचे. स्वतःपुरत्या नोंदी पांढऱ्या करून ठेवल्या की त्या दिसत नाहीत, छापल्याही जात नाहीत. स्क्रीन रीडरला रंगाशी काही देणंघेणं नसतं, तो सगळंच बोलतो. तीन वर्षं माझ्याकडून वाचून घेणाऱ्या माणसाला मी कसा वाचतो याचा पत्ताच नव्हता. मला शेऱ्याइतकाच याचाही संताप आला.

यादीत ते लिहायचंच नाही, असा विचार मी केला. जाऊ दे ग्राहकाकडे तसंच. तिथेही कुणी माझ्यासारखा वाचणारा असेल, त्याच्या कानात ही ओळ पडेल, आणि साहेबांची अब्रू जाईल. पाऊण तास मी या विचाराची चव घेत बसलो. मग यादी केली. एकेचाळीस चुका निघाल्या. अडतिसावी अशी: 'पान १६२, तक्ता, चौथी ओळ. पांढऱ्या अक्षरांत एक शेरा राहून गेला आहे. ग्राहकाकडे पाठवण्यापूर्वी काढावा.' हे प्रामाणिकपणाने केलं असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगितलं. खरं म्हणजे मी भ्यालो होतो. शेरा लिहिणाऱ्याने मला बरोबर जोखलं होतं.

संध्याकाळी साहेब टेबलापाशी आले. त्यांच्या बुटांचा आवाज मला माहीत होता. मी वाट बघत होतो. एक शिवी दिली असती तरी चाललं असतं.

"थँक यू फॉर द रिव्ह्यू," ते म्हणाले आणि गेले. त्यानंतर ते माझ्याशी मराठीत कधी बोलले नाहीत.

सोमवारी सकाळी दुरुस्त केलेला प्रस्ताव शेवटच्या तपासणीसाठी माझ्याकडे आला. मी एकशे ऐंशी पानं पहिल्यापासून ऐकली. चाळीस चुका जागच्या जागी सुधारलेल्या होत्या. पान एकशे बासष्टवरचा शेराही काढलेला होता. माझं नाव चौथंच होतं, हुद्दा तोच. मी खाली लिहिलं, 'एकही चूक आढळली नाही', आणि पाठवून दिलं.