दोन समुद्रांमधली धार

"परत बघ."

आकडा कितीही बरोबर असला तरी भाईंच्या तोंडून हे दोन शब्द आल्याशिवाय तो वहीत जात नसे. मी उंची मोजायच्या लेव्हलच्या भिंगाला डोळा लावलेला, समोर वाळूत पट्टी धरून उभा असलेला माणूस उन्हाने हैराण झालेला, आणि मागून शांत आवाज, "परत बघ." परत बघितलं तरी आकडा तोच निघायचा. मग ते मान हलवून म्हणायचे, "आता लिही. शुक्रन." मी त्यांना चहा आणून दिल्यासारखे आभार मानायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कतारला गेलो, तेव्हा जमीन मोजण्याच्या कामात अगदी कच्चा होतो. आमचं ऑफिस अल रय्यानला होतं आणि कामं बहुतेक अल खोरकडे. पहाटे पिकअपमध्ये बसून तासभर उत्तरेला जायचं, दुपारी परत. भाई आमचे सीनियर सर्व्हेअर. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. सगळं ऑफिस त्यांना भाईच म्हणायचं. तिथे मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी वाईकडचा. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, त्यांच्यासाठी मी कायम 'सातारकर'.

"सातारकर, तुमच्याकडं डोंगर किती?"

"घराच्या मागंच सुरू होतात, भाई."

"आणि तू इथं आलास. सपाट जमीन मोजायला." मग एकटेच हसत बसायचे.

तुमच्यापैकी कोणी तिकडे राहिलं असेल तर ती जमीन आठवत असेल. मैलच्या मैल गेलं तरी पट्टीवरचा आकडा हलत नाही. कुठे दोन-तीन मीटरचा उंचवटा दिसला की भाई गाडी थांबवायला लावायचे. "यल्ला, इथं जेवू." त्या उंचवट्यावर उभ्यानेच ते डबा खायचे आणि हातातली पोळी तशीच ठेवून लांबवर बघत राहायचे. बघण्यासारखं तिथे काहीच नसायचं.

हे वेड कुठून आलं, ते एकदा अल खोरहून परतताना त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील बोटीवर खलाशी होते. आफ्रिकेहून मुंबईला येताना त्यांची बोट एकदा सेशेल्सच्या माहे बेटापाशी दोन दिवस नांगरून राहिली. समुद्रातून सरळ वर उठलेला काळा डोंगर, त्यावर दाट झाडी, आणि बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली डोंगराची धार. खलाशांना उतरायची परवानगी नव्हती. वडील दोन दिवस डेकवरून त्या धारेकडे बघत राहिले. घरी आल्यावर मुलाला सांगितलं, तिथं उभ्या राहिलेल्या माणसाला दोन्ही अंगांना समुद्र दिसत असेल. आपल्याला काय, एकाच अंगाचा दिसला.

"मरेपर्यंत तेच सांगायचे," भाई म्हणाले. "मक्केचं नाव घेतील आणि लगेच त्या डोंगराचं."

भाईंचं स्वतःचं मात्र सगळं आयुष्य या सपाटीवर गेलं. दोन मुलींची लग्नं झाली, गावाकडे घर झालं. सुट्टी मिळाली की रत्नागिरी. कतारहून माहेला थेट विमान जायला लागलं तेव्हा ऑफिसातल्या एकाने ती बातमी मुद्दाम त्यांच्या टेबलावर आणून ठेवली. भाईंनी घडी घालून खिशात टाकली. "बघू. इन्शाल्ला." एवढंच.

त्याच सुमारास अल खोरला वसाहतीच्या सांडपाण्याची लाईन टाकायचं काम चाललं होतं. त्या दिवशी मी दुसऱ्या साईटवर होतो. भाईंनी उंची घेतली, चर खणला गेला, पाईप बसले, आणि नंतर पाणी सोडून पाहिलं तर ते उलटं वाहू लागलं. चाळीस मीटरचं काम उकरायला लागलं. आरडाओरडा झाला. सगळे धरून चालले की चूक पट्टी धरणाऱ्या बिहारी कामगाराची. त्याला घरी पाठवायची भाषाही सुरू झाली. तो बिचारा कोपऱ्यात उभा राहून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाई मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. दार उघडं होतं. मी बाहेरून ऐकलं.

"त्याची चूक नाही, सर. उंचीच्या खुणेच्या दोन खुंट्या होत्या. डावीकडची मला दिसलीच नाही. मी चुकीच्या खुंटीवरून मोजलं." मग म्हणाले, "मला बाजूचं दिसत नाही, सर. बरेच महिने झाले."

काचबिंदू होता. हॉस्पिटलमध्ये मी त्यांच्याबरोबर गेलो. डॉक्टरांनी सांगितलं, बाजूची नजर गेलेली आहे, ती परत येणार नाही. उरलेली टिकवायचा प्रयत्न करू, पण भरवसा देता येणार नाही. बाहेर आल्यावर भाईंनी मला विचारलं, "मघापासून तू माझ्या डाव्या बाजूला चालतोयस ना?" मी हो म्हटलं. "मग उजवीकडं ये. निदान थोडा दिसशील."

मॅनेजर माणूस बरा होता. करार संपेपर्यंत त्याने भाईंना ऑफिसातच नकाशे तपासायला बसवलं. कामगाराची नोकरी राहिली. भाईंचं फील्डवर जाणं मात्र त्या दिवशी खलास झालं.

मीच त्यांच्या मागे लागलो. "भाई, आत्ता जा. अजून समोरचं नीट दिसतंय. पुढच्या वर्षी काय असेल, सांगता येत नाही."

"एकट्यानं?"

"मला रजा मिळत नाही. नाहीतर आलो असतो."

"तुझी भाभी काय म्हणेल?"

भाभी फोनवर बरंच काही म्हणाल्या. डोळ्यांनी दिसत नाही आणि म्हातारा डोंगर चढायला निघाला, असं त्यांनी मलाही ऐकवलं. तरी मी ऐकलं नाही. देशाबाहेर जायला लागणाऱ्या त्यांच्या एक्झिट परमिटच्या कागदावर मॅनेजरची सही मी आणली, तिकीट मी आणलं, माझा कॅमेरा दिला.

डोंगर चढायची सवय कुठे करायची, हा प्रश्न होता. भाईंनी बिल्डिंगचा जिना निवडला. पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी, हातात काठी, आणि संध्याकाळी पाच मजले वर-खाली. तिसऱ्या मजल्यावरच्या मल्याळी बाईंना वाटलं, लिफ्ट बिघडली. त्यांनी वॉचमनला चांगलंच झापलं. वॉचमनने वर येऊन भाईंची माफी मागितली. भाई म्हणाले, "माफ केलं. पण लिफ्ट दुरुस्त करू नकोस, मला अजून दोन आठवडे लागतील."

ते गेले आणि चौथ्या दिवशी परत आले. विमानतळावर मी घ्यायला गेलो होतो. तळहातांवर ओरखडे, एका गुडघ्याला पट्टी. मला मिठी मारली, आणि गाडीत बसल्यापासून बोलायला लागले ते मदिनत खलीफातल्या आमच्या बिल्डिंगपर्यंत थांबले नाहीत.

सकाळी बसने घाटाच्या माथ्यावर उतरले होते. चहाच्या मळ्यापासून पायवाट सुरू झाली. दालचिनीची झाडं आपल्याकडच्या करवंदीसारखी रानात कुठेही उगवलेली, पान चुरगळलं की हाताला वास. मुळांवरून चालायचं, मुळं ओली. एका जागी काळा कातळ आडवा आला, तो चक्क बसून, घसटत पार केला. वाटेत माणूस भेटला नाही. पावलं मोजत गेले, दर शंभर पावलांनी काठी टेकून थांबले.

"आणि मग एकदम धार आली, सातारकर. झाडी संपली." त्यांनी दोन्ही हात पसरले. एक हात माझ्या स्टिअरिंगवर आपटला. "डावीकडं खाली बंदर. धक्क्याला एक पांढरं जहाज. पाणी हिरवं, काठाला फेसाची रेघ. उजवीकडं वस्ती नाय, काय नाय. नुसतं निळं पाणी, आणि त्यात एक छोटं बेट, उलट्या वाटीसारखं. दोन्हीकडं एकाच वेळी. मला बाजूचं दिसत नाय ना, म्हणून मी मान इकडं फिरवायचो, तिकडं फिरवायचो. किती वेळ तेच करत बसलो."

"फोटो काढले ना?"

"कॅमेऱ्यात पाणी गेलं रे. माफ कर. तुझा कॅमेरा मी बिघडवला."

घरी गेल्यावर त्यांनी वहीच्या पानावर डोंगराचा उभा छेद काढून दिला. मधे धार, दोन्ही पायथ्यांना समुद्र, दोन्हीकडे उंचीचा नेटका शून्य. पिशवीतले कपडे मी वाळत घातले. सगळे चिंब होते. शर्ट, पँट, टोपीसुद्धा. तिकडे घाम फार येत असेल, असं मला वाटलं.

पुढच्या वर्षी करार संपला आणि भाई कायमचे गावी गेले. मी फोन करायचो. आधी वाचणं बंद झालं. मग एकट्याने मशिदीत जाणं. मग एके दिवशी म्हणाले, "आता ऊन कुठल्या बाजूला आहे, तेवढं कळतं." त्यात तक्रार नव्हती. मी मात्र फोन ठेवल्यावर प्रत्येक वेळी मनाशी म्हणायचो, बरं झालं, वेळेत पाठवलं. माझ्या हातून त्या परदेशात एवढी एक गोष्ट बरी झाली. ऑफिसात नवी पोरं आली, त्यांना मी भाईंचा डोंगर सांगायचो, हिरवं पाणी, पांढरं जहाज, सगळं.

दोन वर्षांनी भाई गेले. झोपेतच. मला जाता आलं नाही. चाळिसावा झाल्यावर भाभींना फोन केला. त्या बराच वेळ आजारपणाबद्दल बोलल्या. मी त्यांना धीर द्यायला म्हणून म्हणालो, "भाभी, एक समाधान आहे. डोळे होते तेव्हा त्यांनी तो डोंगर बघून घेतला."



"भाऊ," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तिथं पाऊस होता. वर धुकं. त्यांना हाताचा पंजा दिसला नाही."

मी रिसिव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"चार तास बसून होते वर. आता हटेल, मग हटेल. मग शेवटची बस चुकेल म्हणून उतरले. घसरून पडले. मला तिथल्याच फोनवरून सांगितलं. रडत होते हो. पहिल्यांदा ऐकलं मी त्यांना रडताना." त्यांनी श्वास घेतला. "आणि म्हणाले, सातारकरला सांगू नकोस. त्यानं फार हौसेनं पाठवलंय मला."

मी रिसिव्हर हातात धरून उभा होतो. खिडकीबाहेर दुपारचं ऊन होतं, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणी चादरी वाळत घालत होतं.

"तुम्हाला काय सांगितलं त्यांनी?" भाभींनी विचारलं. "आम्हाला तर धुकंच सांगितलं."

मग त्याच पुन्हा म्हणाल्या, "सांगा ना, भाऊ. जे सांगितलं असेल ते. थांबा, मुली आल्यात दोघी, फोन मोठ्या आवाजावर लावते."

खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी कोणाला तरी गप्प राहायला सांगितलं.

"सकाळी बसने ते घाटाच्या माथ्यावर उतरले," मी सुरुवात केली.