सर्व्हरचा सेल

कोणी तक्रार घेऊन आलं की सर स्क्रीनकडे पाहायचेच नाहीत. आधी पोराचं मनगट धरायचे. "वाजले किती?" हल्लीच्या पोरांच्या हातात घड्याळ कुठलं? मग स्वतःच्याच घड्याळात पाहून म्हणायचे, "पोग्राम शायना हाये. टाइम येडा झाला."

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात ते कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. मी शेजारच्या वर्गात शिकवायचो. पोरगं कुठल्याही मशीनवर बसो, त्याच्या फायली कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या सर्व्हरवर असत. त्या सर्व्हरचा, आतलं घड्याळ चालू ठेवणारा सेल गेलेला होता. लाइट जाऊन आली की त्याचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जायचं. मग आत्ता दुरुस्त केलेली फाईल कालच्या तयार प्रोग्रामपेक्षा जुनी ठरायची आणि मशीन ती पुन्हा कंपाइलच करायचं नाही, कालचाच प्रोग्राम चालवायचं.

"सर, चूक काढली, तरी जुनंच उत्तर येऊन राह्यलं!" बोरी अरब गावची एक मुलगी अगदी रडकुंडीला आली होती.

"आजच्या पेपरवर दहा वर्साआधीची तारीख छापली, तं कोन वाचीन? रद्दीतच टाकीन ना? मशीनचं तसंच हाये."

सरांनी सर्व्हरचं घड्याळ लावलं, तिला फाईल पुन्हा सेव्ह करायला सांगितली, आणि नवं उत्तर आलं. ती उठू लागली तर म्हणाले, "बस ना. तिकडं तूर कशी हाये यंदा?" काम चुटकीसरशी व्हायचं, गप्पा मात्र संपायच्या नाहीत. पोरं चुळबुळ करत बसायची.

तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, जो सुट्टीच्या दिवशी कासावीस होतो. सरांनी लग्न केलं नव्हतं. भाड्याच्या खोलीत राहायचे, आणि रविवारीही लॅब उघडायचे. "आज कशाला आलात सर?" विचारलं तर म्हणायचे, "सर्व्हर एकटाच असते ना." मी हसायचो खरा, पण मला त्यांची धास्ती वाटायची. तेव्हा मीही एकटाच राहत होतो.

एकदा परीक्षेच्या ऐन तोंडावर दोनदा लाइट गेली आणि पोरांचा सगळा गोंधळ उडाला. मी म्हणालो, "सर, चिल्लर सेल तो. बदलून टाकू ना."

"टाकू," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "मंग पोट्टे मायाकडं कायले येतील?"

त्यांनीच ड्रॉवरमधून सेलचं पाकीट काढलं. त्याच्यावर धूळ बसली होती. सेल बसवला, घड्याळ लावलं, झाकणाचे स्क्रू घट्ट केले.

त्यानंतर पोरं खरंच येईनाशी झाली. सगळं सुरळीत चाललं की माणसाची आठवण कोण काढतो? सर टेबलाशी बसून असायचे. समोरची खुर्ची ते रोज पुसायचे.

निवृत्त होऊन ते आर्णीला गेले आणि लॅब माझ्याकडे आली. अधूनमधून त्यांचा फोन यायचा. "काही अडलं का?"

"नाही सर, सगळं बरोबर चालू आहे."

"बरं हाये मंग." आणि फोन ठेवायचे. असं चार-पाचदा झालं. मग एकदा मला राहवलं नाही. म्हणालो, "सर, फार अडलंय. कंपाइलच होत नाही. तुम्ही येता का?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने हजर. इस्त्रीचा शर्ट, ताजी दाढी. सर्व्हरसमोर बसले, एकेक फोल्डर उघडून पाहू लागले. भोवती पोरं जमली, त्यांना समजावत राहिले. जेवायची वेळ टळून गेली. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "सापडलं. फायलीच्या परवानगीची भानगड होती. केलं नीट."

बिघाड नव्हताच. मला ठाऊक होतं आणि त्यांनाही पहिल्या फटक्यात कळलं असणार. मी म्हणालो, "तरीच, सर!"

स्टँडवर त्यांना गाडीत बसवलं. खिडकीतून वाकून म्हणाले, "पुढच्या खेपेले लवकर सांगजो, भाऊ. इतकं अडेपर्यंत थांबत जाऊ नको."

दिवाळीनंतर मी फोन केला. काय बिघडलं म्हणून सांगायचं, तेही ठरवून ठेवलं होतं. फोन त्यांच्या भाच्याने उचलला. म्हणाला, "मामा दिवाळीतच वारले."