रजेचा शेवटचा दिवस

आमच्या शाळेत एक नियम आहे, तो कुठल्याही परिपत्रकात सापडायचा नाही. ज्या पोराचा बाप फौजेत आहे, त्यानं बापाच्या रजेच्या शेवटच्या दिवशी शाळेत यायचं नाही. आलंच, तर मी स्वतः घरी पिटाळते. वरून कुणी साहेब विचारायला आलेच, तर उत्तर द्यायला मी बसलेय. हा नियम मी केला, कारण नियम नव्हता तेव्हा जे झालं तेही मीच केलं.

शिरूर तालुक्याच्या पार टोकाला आमचं गाव. कागदोपत्री सगळं शिरूरला, पण बाजार, दवाखाना आणि रेल्वेसाठी माणसं दौंडच गाठतात. शाळा पहिली ते चौथीची, शिकवायला मी आणि एक गुरुजी, आम्ही दोघं, पोरं पन्नासेक. गावातले आठ-दहा जण फौजेत. बाप रजेवर आला की त्यांची पोरं शाळा बुडवतात, आणि तो गेला की चार दिवस कुणाच्या तरी अंगावर धावून जातात, नाहीतर खांबाला टेकून गप्प बसतात. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण मला हजेरीची खोड. माझ्या वर्गात एक पोर कमी दिसलं की माझं डोकं फिरायचं. त्यात मी तोंडाची फटकळ, त्यामुळे गावातल्या आयाबाया मला दबकून असायच्या, आणि खरं सांगू का, मला ते बरं वाटायचं.

तिसरीत एक पोरगी होती. बाप फौजेत, कुठंतरी वर बर्फात. आई वस्तीवर सासू-सासऱ्यांसोबत कांदा आणि ऊस बघायची. पोरगी वाचायला लागली की ऐकत राहावं. जोडाक्षराला अडखळणं नाही, स्वल्पविरामाला बरोब्बर थांबणार. त्या दिवशी वाचनाची तपासणी होती, तालुक्याहून साहेब येणार होते, आणि मी मनात ठरवून ठेवलं होतं की पहिली हिलाच उठवायची.

सकाळी तिची आई फाटकाशी उभी. "बाई, आज हिला न्हाई बसवत. ह्येंची रजा संपली. दुपारी निघायचंय त्येंना."

"किती वाजता?"

"दोन वाजता म्हणत्यात."

"मग एकला सोडते की! दोन पावलांवर तर वस्ती. साहेब यायचेत, हिच्यासारखं वाचणारं दुसरं कोण आहे माझ्याकडं?"

तिनं एकदा लेकीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "बरं, बाई," म्हणाली आणि गेली. मला नाही म्हणायची तिची छाती नव्हती. तेव्हाही हे मला कळत होतं.

साहेब अकराला आले. पोरीनं अख्खा धडा असा वाचला की साहेब खुर्चीत पुढं सरकून ऐकत बसले. मी अशी फुगले होते की विचारू नका. एकला तिला म्हटलं, "पळ आता!" आणि ती दप्तर तिथंच टाकून पळाली. मग कपाटातून फोन काढला. तपासणी म्हणून मी त्याचा आवाज बंद करून ठेवला होता. तिच्या आईचे तीन फोन येऊन गेले होते.

झालं होतं असं, की दौंडच्या रस्त्याला उसाची ट्रॉली उलटली होती. कारखान्याचा सीझन, रस्ता तुंबलेला. गाडी चुकली तर हजर व्हायला उशीर होतो, आणि फौजेत उशिराला माफी नाही. म्हणून तो साडेअकरालाच दुधाच्या पिकअपमध्ये बसून निघून गेला. पोरगी धापा टाकत घरी पोचली, तेव्हा दारात फक्त आजी बसली होती.

दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत आली, पण आवाज घरी ठेवून आली. वाच म्हटलं की पुस्तक धरून उभी राहायची, तोंड मिटलेलं. मी म्हटलं, रुसलीय, चार दिवसांत येईल ताळ्यावर. चाराचे पंधरा झाले. मी गोडीनं सांगून बघितलं, मग रागावून बघितलं. रागावले त्याची आज लाज वाटते.

महिना होत आला, तेव्हा तिची आई पुन्हा फाटकाशी आली. या खेपेला ती दबकलेली नव्हती. "बाई, पोरगी बापाशी फोनवर बी बोलंना. त्येंचा फोन आठ-आठ दिवसांनी येतो. ही गोठ्यात जाऊन लपती. त्ये तिकडं हॅलो हॅलो करत बसत्यात. मी काय सांगू त्येंना?"

रविवारी मी वस्तीवर गेले. उंबऱ्याशी एक छोटी स्टीलची वाटी, तिच्यात चमचाभर दही, वरून माशा. मी म्हटलं, हे काय?

"येडेपणा हाय तिचा," आई म्हणाली. "रोज सकाळी ठिवती आन् कुणाला हात लावू देत न्हाई."

आमच्याकडं बाहेरगावी निघालेल्या माणसाच्या हातावर दही घालतात. म्हणजे वाट सुखाची होते आणि माणूस सुखरूप परततो. त्या घरात हे काम या पोरीचं होतं. हातात चमचा धरता यायला लागल्यापासून दर रजेला बापाच्या हातावर दही तिनंच घातलेलं. तो मुद्दाम गुडघे टेकून बसायचा, तिचा हात पुरावा म्हणून. मी उंबऱ्यावरच बसले.

पोरगी गोठ्याच्या कुडाला चिकटून उभी होती. मी म्हटलं, "ये गं इकडं. आज बाई म्हणून नाही आले मी."

ती आली. खाली बघून पुटपुटली, "मी दही न्हाई दिलं. आता पप्पांना कायतरी हुईल."

"म्हणून बोलत नाहीस फोनवर?"

"बोलले तर रडू येईल. मग पप्पांना कळंल."

अगं माझे आई! आठ वर्षांचं लेकरू, आणि एवढं ओझं एकटं घेऊन महिनाभर माझ्या समोरच्या बाकावर बसत होतं. मी तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, "दही तू दिलं नाहीस, कारण मी तुला अडवून ठेवलं. चूक माझी. तुझी नाही. चुकलं माझं, पोरी."

तिनं पहिल्यांदाच मान वर केली. "मग पप्पांना काय झालं तर पाप तुमाला लागंल?"

ओट्यावर बसलेला आजा खाकरला. आई म्हणाली, "ए, गप!" मी म्हटलं, "मलाच लागू दे. तू मोकळी."

तिनं नीट विचार केला. "पण पप्पांना तर व्हायचं त्येच हुईल ना?"

याचं उत्तर द्यायला एकच माणूस होता, आणि तो बर्फात बसला होता. आई म्हणाली, त्यांची ड्युटी नुकतीच बदललीय, आता रेंज मिळते ती आठवड्यातून एखाद्या दिवशी अकरा ते बाराच्या मध्ये, म्हणजे ऐन शाळेच्या वेळात. मी तिच्या आईला म्हटलं, "त्यांना माझा नंबर द्या. आता फोन शाळेवरच करू दे." शाळेच्या वेळात फोन कपाटात, हा नियमही माझाच. मोडला.

आमच्या शाळेत रेंज फक्त हापशाजवळ येते. त्या आठवड्यात मी अकरा वाजले की पोरांना गणितं घालून हापशाशी जाऊन उभी राहायची. गुरुवारी फोन आला. मी आधी सगळं त्याला सांगितलं, तपासणी, तीन फोन, दह्याची वाटी. माफी मागितली. पलीकडच्या वाऱ्यातून तो म्हणाला, "बाई, फोन तिच्या कानाशी धरा. न्हाई बोलली तरी चालंल."

पोरीला आणलं. ती फोनला हात लावेना, म्हणून मी स्पीकर लावला आणि तिच्यापुढं धरला.

"पोरी," तो म्हणाला, "ऐकतीस ना? मी त्या दिवशी शाळंवर आलो व्हतो."

मी चपापले. पोरगी जागची हलली नाही.

"पिकअप थांबवला आन् खिडकीपाशी आलो. तू साहेबाम्होरं वाचत व्हतीस. मी तुला वाचताना कवाच ऐकलं नव्हतं गं. मी घरी असलो की तू शाळा बुडवतीस, मग कवा ऐकणार? मधी हाक मारली आसती तर तू थांबली आसतीस. म्हून धडा संपेस्तोवर हुबा ऱ्हायलो आन् गेलो. तुझ्या आईला सांगितलं न्हाई. ती म्हणाली आसती, दारापतोर जाऊन लेकीला भेटला न्हाईत, कसला बाप! पर पोरी, मी रिकाम्या हातानं न्हाई आलो. हिकडं ड्युटीला हुबा आसलो की त्यो धडा माझ्या कानात चालू आसतो."

मी वर्गात खिडकीकडं पाठ करून साहेबांचं तोंड बघत उभी होते. चार हातांवर हा माणूस उभा होता, आणि मला पत्ता नव्हता. माझ्या डोळ्यांना धार लागली.

पोरीचं तोंड लालेलाल झालं. तिनं फोन माझ्या हातातून हिसकावून घेतला आणि अशी ओरडली, की दोन्ही वर्गांतली पोरं व्हरांड्यात गोळा झाली.

"मग हाक मारायची ना, पप्पा! मी आले असते ना! साहेबाला म्हटलं असतं, थांबा! तुमाला एवढं बी कळत न्हाई? मी किती भ्याले! रोज रडू येत व्हतं मला! आई बी रडती, तुमी तिकडं नुसतं हॅलो हॅलो करता! हाक मारायची ना!"

"चुकलं गं," तो म्हणत होता, "चुकलं माझं." हसतोय की रडतोय, कळत नव्हतं. आमच्या गुरुजींनी मला खूण केली, पोरांना आत घेऊ का? मी मान हलवली. ऐकू दे म्हटलं सगळ्यांना.

तेवढ्यात रेंज गेली. पोरीनं फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं. महिन्याभरात पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत डोळे घातले.

"बाई, परत लावा," ती म्हणाली. "माझं भांडून झालं न्हाई अजून."

मी लावला.