एक्केचाळीस ठिकाणी कोंडीभाऊ

तपासणी समितीच्या अध्यक्ष मॅडमनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

पडद्यावर युनिव्हर्सिटीची लायब्ररी होती आणि माउस माझ्या हातात होता. लायब्ररीत कपाटं होती, टेबलं होती, आणि मधोमध हात मागे बांधून कोंडीभाऊ उभे होते. मी लॅबवर क्लिक केलं. तिथेही कोंडीभाऊ. मढच्या हॉस्टेलमध्ये कोंडीभाऊ. घोडेगावच्या ऑडिटोरियममध्ये स्टेजवर, एकटेच, कोंडीभाऊ.

"अख्खी युनिव्हर्सिटी हे एकटेच चालवतात का?" मॅडमनी रजिस्ट्रार सरांना विचारलं. त्या हसत नव्हत्या. सर माझ्याकडे बघायला लागले. म्हणून आधी माझी बाजू सांगते.

मी व्हर्च्युअल टूर बनवते. तुम्ही घरी बसून फोनवर बोट फिरवत कॉलेजच्या वर्गात चहूकडे बघता ना, ते आमचं काम. आमच्या कॅमेऱ्याला पुढे एक आणि मागे एक अशा दोन लेन्स असतात. दोन्हींचे फोटो कॉम्प्युटरवर जोडायचे, त्याला स्टिचिंग म्हणतात. कॅमेऱ्याला सगळीकडचं दिसत असल्यामुळे फोटो काढणाऱ्यालाही खोलीबाहेर जाऊन फोनवरून बटण दाबावं लागतं.

ही युनिव्हर्सिटी खासगी. नाव सांगत नाही, कारण त्यांचं काम मी अजून करते. तीन कॅम्पस आहेत. मुख्य आळ्याला, दुसरा मढच्या पुढे माळशेजच्या अंगाला, तिसरा आंबेगाव तालुक्यात घोडेगावजवळ. तपासणी समिती येणार होती. समिती आधी टूर बघणार आणि मग प्रत्यक्ष येऊन ताडून पाहणार, असं ठरलं होतं.

शूटसाठी माझ्याबरोबर कोंडीभाऊंना दिलं. कोंडीभाऊ खोडदचे. वडील मेंढरं राखायचे, हे इथे कॉन्ट्रॅक्टवर शिपाई. जीप भरभरून येणाऱ्या पालकांना कॅम्पस फिरवून दाखवायचं काम त्यांच्याकडे. कुठल्या नळाला पाणी गोड आहे इथपासून कुठल्या सरांना कधी भेटावं इथपर्यंत सगळं सांगायचे.

मढच्या वाटेवर ते म्हणाले, "ताई, ही तुमची टूर झाली की माजं काम संपलं. पयल्या तारखेपास्नं येऊ नका म्हनलेत सर. लोकं घरूनच बघत्याल म्हनं."

मला फार वाईट वाटलं. त्यांची रोजी मारणारं यंत्र माझ्या मांडीवर होतं, आणि घाटातल्या खड्ड्यांत त्याला धक्का बसू नये म्हणून तेच त्याखाली आपला टॉवेल घालत होते. तरीही मी काम थांबवलं नाही, हेही खरं.

प्रत्येक खोलीत मी ओरडायची, "सगळे बाहेर व्हा. कॅमेऱ्याला दिसेल असं कुणी थांबू नका." प्राध्यापक मंडळी शिस्तीची निघाली. कुणी दाराआड, कुणी जिन्याखाली. एक वयस्कर सर तर पाण्याच्या टाकीमागे उकिडवे बसले आणि मी विसरल्यामुळे बराच वेळ तसेच बसून राहिले. फोनवरच्या छोट्या चित्रात मला फक्त पुढची बाजू दिसायची. ती रिकामी असली की मी बटण दाबायची.

पुण्याला येऊन स्टिचिंग केलं, आणि एक्केचाळीस फोटोंत एक्केचाळीस कोंडीभाऊ निघाले. मी लगेच फोन लावला.

"कोंडीभाऊ, मी सगळ्यांना बाहेर व्हा म्हणाले होते ना?"

"म्हनला व्हता. पन सगळंच भायेर गेल्याव कॅमेऱ्याजवळ कोन? एवढी म्हागाची वस्तू. मेंढरू आन पावण्याची वस्तू एकटी सोडायची न्हाई, असं आमचा बाप म्हनायचा. आन मी आडवा आलो न्हाई ताई. मागं हुबा व्हतो."

"या कॅमेऱ्याला मागं नसतंच."

"मंग तसं सांगायचं की."

बरोबर होतं त्यांचं. मी रजिस्ट्रार सरांना कळवलं, की एवढ्या फोटोंतून माणूस पुसायला मला दोन आठवडे लागतील. सर म्हणाले, "लिंक ओपन होते ना? उद्या लास्ट डेट आहे. अपलोड करा. कोण बघतंय?"

अध्यक्ष मॅडमनी बघितलं. सगळे एक्केचाळीस.

आता पुन्हा त्या खोलीत. मॅडम म्हणाल्या, "या गृहस्थांबद्दल माझी तक्रार नाही. पण टूरमध्ये तीन कॅम्पस मिळून एकही प्राध्यापक नाही. आणि आज आळ्याच्या एका कॅम्पसमध्ये, जिकडे बघावं तिकडे प्राध्यापक. कुठून आणलेत?"

तपासणीच्या दिवसापुरते दुसरीकडचे प्राध्यापक आणून बसवायचे, हा प्रकार कुठे कुठे चालतो. मॅडमना तोच संशय आला होता. तो खरा ठरला असता तर मान्यता गेलीच होती.

मी हात वर केला. "मॅडम, ते सगळे लपले होते."

"का?"

"मी सांगितलं म्हणून."

यानं काही फायदा झाला नाही. सरांनी ओळखपत्रं मागवली. ती तपासणीसाठी नवी छापलेली होती, एकेक कार्ड कोरं करकरीत. मॅडमनी गठ्ठा तसाच बाजूला ठेवला. "त्या टूरमधल्या माणसाला बोलवा. तो तरी नक्की इथला आहे."

व्हरांड्यात तेवीस प्राध्यापकांची रांग लागली. पीएच.डी. झालेली माणसं शाळेतल्या पोरांसारखी शर्ट नीट करत होती. कोंडीभाऊ एका टोकाकडून निघाले.

"हे फिजिक्सचं सर. घाटात ह्यांना गाडी लागती, मढला जाताना पुढं बसवावं लागतंय. ह्या मराठीच्या मॅडम. डब्यात शेंगदान्याची चटनी, पन कुनाला देत न्हाईत. हे गनिताचं सर, लई हुशार, पन गाडीची चावी रोज इसारत्यात."

समितीतले एक सदस्य लिहून घेत होते. गणिताच्या सरांनी खिसा चाचपला. चावी नव्हती.

अठराव्या जागी कोंडीभाऊ थांबले. "ह्यांना मी वळखत न्हाई."

"अहो कोंडीभाऊ, नीट बघा," रजिस्ट्रार सर घाईघाईनं म्हणाले. "केमिस्ट्रीच्या मॅडम आपल्या."

कोंडीभाऊंनी नीट बघितलं. "बघितलं, सर. बाई चांगल्याच आसत्याल. पन आपल्यातल्या न्हाईत."

त्या बाईच खालमानेनं म्हणाल्या, "मला आजच्या दिवसापुरतं या म्हणाले होते."

पहिल्या तारखेला अजून आठ दिवस होते, तेही या माणसानं घालवले असं मला वाटलं. सरांचा चेहरा बघवत नव्हता. कोंडीभाऊ मात्र एकोणिसाव्या माणसाकडे वळले आणि त्याच्या आजारी सासऱ्यांची चौकशी करायला लागले.

रांग संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "यांनी सगळ्यांना ओळखलं असतं, तर मी एकावरही विश्वास ठेवला नसता."

मान्यता मिळाली. केमिस्ट्रीची जागा तीन महिन्यांत रीतसर भरा, असा शेरा आला. त्याखाली आणखी एक ओळ होती. पुढच्या तपासणीला सदर परिसर-मार्गदर्शक हजर असावेत. रजिस्ट्रार सरांनी ती ओळ दोनदा वाचली आणि कोंडीभाऊंचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं. परिसर-मार्गदर्शक असं पद तिथे तोवर नव्हतं, ते तयार करावं लागलं.

मी सरांना विचारलं, आता सवडीनं फोटोंतून कोंडीभाऊंना पुसू का? म्हणाले, "हात लावू नका. पुढच्या वेळी तेच फोटो ताडून बघतील."

तेव्हापासून शूटला गेले, की मी प्राध्यापकांना लपायला सांगत नाही. एखाद्या कॉलेजवाल्यानं स्वतःहूनच सांगितलं, की फोटोत माणसं नकोत, तर मी आधी विचारते, "पण आहेत ना?"