मागाच्या खोलीतली हवा

आमच्या घरातला शेवटचा हातमाग सासऱ्यांनी विकला, तेव्हा मला या घरात येऊन सात वर्षं झाली होती. त्यांची नजर अधू झाली होती आणि हातमागाच्या लुगड्यांना गिऱ्हाईकही उरलं नव्हतं. माग गेला, मागाची खोली तशीच राहिली. दहा बाय बाराची, मातीच्या जाड भिंतींची, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर, गल्लीकडे एकच खिडकी, आणि जमिनीत विणकराने पाय सोडून बसायचा मांडीएवढा खोल खड्डा.

"खोलीचं तुले काय करायचं ते कर," सासरे म्हणाले, "पण खड्डा बुजवू नोको."

मी खड्ड्यावर फळ्या टाकल्या.

त्याच वर्षी बायकांसाठी अळंबी लावण्याचं आठ दिवसांचं प्रशिक्षण निघालं होतं. मी उमरेडच्या विणकराची मुलगी, मॅट्रिक झालेली. लहानपणापासून दुसऱ्यांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरत आले होते. स्वतःचं म्हणावं असं काहीतरी करायची फार दिवसांची इच्छा होती, म्हणून गेले. शिकवणारे सर म्हणाले, "धिंगरी अळंबीला शेत लागत नाही. अंधारी, गार खोली आणि धानाची तणस असली की झालं." तशी खोली माझ्याकडे होतीच. घरी आल्यावर मी बांबूच्या मांडण्या बांधून घेतल्या, ओल टिकावी म्हणून कवेलूंखाली प्लास्टिकचा कागद ताणून ठोकला आणि खिडकीला गोणपाट लावलं. तणस, म्हणजे भाताचा पेंढा, कापली, रात्रभर भिजवली, ड्रममध्ये उकळून निथळली आणि थरावर थर बियाणं टाकत पिशव्यांत दाबून भरली. तीन आठवड्यांत पिशव्या आतून दह्यासारख्या पांढऱ्या झाल्या. सासऱ्यांना हाताला धरून नेलं. रानातल्या अळंबीला ते सात्या म्हणत. त्यांनी पिशवी चाचपून पाहिली आणि म्हणाले, "सात्या वारुळाजवळ निघतात बाई. पिशवीत कशा निघतीन?"

निघाल्या. पण सरांनी दाखवलेल्या चित्रात शिंपल्यासारख्या पसरट टोप्या होत्या आणि माझ्या खोलीत बोटभर लांब दांडे, त्यांच्या टोकाला वाटाण्याएवढी टोपी. कोंबडीच्या पायासारखं दिसत होतं ते. मी एक गुच्छ डब्यात घालून सरांकडे नेला. त्यांनी तो उलटासुलटा केला आणि म्हणाले, "तुमची खोली कोंदट आहे. अळंबीही श्वास सोडते. ती हवा बाहेर काढा, ताजी आत घ्या. नाही तर दांडेच मिळतील."

मी घरी येऊन गोणपाट काढलं आणि खिडकी सताड उघडली. टोप्या जराशा पसरल्या. पण वास गल्लीत गेला.

उकळलेल्या तणशीचा वास वाईट नसतो. एखाद्या पिशवीत पाणी राहिलं आणि ती आतून हिरवी पडून सडली, की मात्र तुंबलेल्या नालीसारखी घाण येते. आमची गल्ली चार हात रुंद. खिडकीच्या बरोब्बर समोर पलीकडच्या घरातल्या काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी. पहिल्याच दिवशी काकू गजांतून म्हणाल्या, "काय वं, उंदीर-बिंदीर मेला का घरात?"

"नाही काकू, अळंबी लावली आहे."

"मंग ते मेली असन."

मी खिडकी लावून घेतली. पुन्हा दांडे. उघडली की काकू. महिनाभर मी हेच करत होते, आणि यातून बाहेर कसं पडायचं ते कोणी सांगत नव्हतं. माझे यजमान कापडाच्या गिरणीत होते. पाळीवरून आले की ते जेवता जेवता विचारत, "आज खिडकी उघडी का बंद?" आणि मी काही बोलायच्या आत म्हणत, "सोडून दे ना. काहून डोक्याले ताप करून घेते?" मला त्या प्रश्नाचा राग यायचा, कारण मीही तोच स्वतःला विचारत होते.

शेवटी इतवारीच्या बाजारातून जुना एक्झॉस्ट फॅन आणला. तो कुठल्यातरी खानावळीतला होता. त्याच्या पात्यांवरचा तेलाचा थर मी राखेने घासून काढला आणि फॅन खिडकीत बसवून घेतला. माझा हिशेब असा, की दिवसभर थोडा थोडा वास जाण्यापेक्षा घटकाभर फॅन लावून एकदाच सगळी हवा बाहेर काढावी. हवा बाहेर म्हणजे कुठे जाईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तो रविवार होता. दुपारी मी खोलीत गेले तर कोपऱ्यातल्या दोन पिशव्या सडलेल्या. त्या उचलून मागच्या अंगणात नेल्या आणि खोली मोकळी व्हावी म्हणून फॅन लावून ठेवला. अर्ध्या तासाने काकू आमच्या दारात. भांडायला आल्या असं वाटून मी पदर खोचला. पण त्या रडत होत्या.

"आज पाहुणे आले होते वं पोरीले पाहाले," त्या म्हणाल्या. "पोहे पुढं ठेवले आन् तुह्या घरातून भपकारा आला. मुलाच्या आईनं पोह्याची बशी खाली ठेवली. मले विचारते, तुमच्याकडे नाली उघडी आहे का? काय सांगू मी तिले?"

"काकू, मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाले. त्या गेल्यावर फॅन बंद केला आणि तिथेच मांडणीला टेकून बसले. काकूंची चूक नव्हती. माझी तरी काय होती? मी एक खोली वापरत होते, तीही माझ्याच घरातली. त्या पाहुण्यांकडून पुढे होकार आला नाही. कारण कोणी सांगितलं नाही, पण काकूंनी ते धरून ठेवलं आणि आमच्याकडे येणं-जाणं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे जाऊन विचारलं, वास घालवायचा कसा. ते म्हणाले, लाकडी कोळसा वास शोषतो, हवा कोळशातून काढून पाहा. कशी काढायची ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. मग मी टिनाचं काम करणाऱ्याकडे गेले. तो धान्याच्या कोठ्या आणि उन्हाळ्यात कूलरची खोकी बनवायचा.

"कूलर पायजे का, बाई?"

"नाही. वास गाळायचा आहे."

"वास?" त्याने हातोडी खाली ठेवली. "चाय गाळतात, तेल गाळतात. वास कसा गाळाचा?"

मी त्याला कागदावर काढून दाखवलं. खोलीतून वर जाणारा टिनाचा नळ, त्यात फॅन, फॅनपुढे दोन जाळ्यांच्या मधे कोळसा, आणि नळाचं तोंड कवेलूंच्या वर, म्हणजे जे काही उरेल ते गल्लीत न जाता वर जाईल. त्याने तसंच करून दिलं. चार-पाच कवेलू काढून नळ बाहेर काढला. मी लाकडाच्या टालीवरून, वखारीतून, कोळसा आणला, सुपारीएवढा फोडला, काळं पाणी जाईपर्यंत धुतला आणि उन्हात वाळवला. माझे हात आठ दिवस काळेच होते. वीतभर जाड थर भरला. जितका जाड, तितका वास कमी, असं मला वाटलं.

फॅन लावला. तो घरघरला, नळाच्या तोंडाशी हात धरला तर काहीच नाही. वारा कोळशातून जातच नव्हता. चार दिवसांनी फॅन तापून जळाला. यजमान म्हणाले, "मी म्हटलंच होतं." फॅनबद्दल त्यांनी कधीच काही म्हटलं नव्हतं. मी त्या दिवशी त्यांना वाढलं आणि स्वतः न जेवता उठले.

फॅनची जळलेली वायंडिंग नव्याने भरून आणली आणि तो जुना नळ घेऊन पुन्हा टिनवाल्याकडे गेले. आता तोही इरेला पडला होता. त्याने कोळशाची पेटी पाहिली आणि म्हणाला, "बाई, कूलरले गवत कसं लावतो? पातळ, पण तीन बाजूनं, मोठ्या जाळीत. तुमी याचं तोंडच बांधून टाकलं." त्याने संदुकीएवढी पसरट पेटी केली. तितकाच कोळसा आता तीन बोटं जाडीत पसरला. या वेळी नळाच्या तोंडातून हवा आली आणि तिला वास जवळजवळ नव्हता. मी गल्लीत जाऊन काकूंच्या खिडकीखाली उभी राहिले, हुंगून पाहिलं. कोणी पाहिलं असतं तर वेडी म्हटलं असतं.

एवढं होऊनही खालच्या मांडणीवरच्या पिशव्यांना दांडेच येत होते. वरच्या दोन मांडण्यांवर चांगल्या टोप्या, खाली कोंबडीचे पाय. मी बियाणं बदललं, पाणी कमी केलं, पिशव्यांची जागा बदलली. खाली ठेवली की चांगली पिशवीही बिघडायची. एका सकाळी मी चिडून खालची अख्खी ओळ ओढून अंगणात फेकली. सासरे ओसरीवर बसले होते. नीट दिसत नसलं तरी आवाजावरून त्यांना समजलं.

"काय झालं वं?"

"खालचं काहीच नीट येत नाही, मामाजी. काय करू ते सांगा आता तुम्हीच."

मी रागाने म्हटलं होतं, पण ते खरंच उठले. भिंतीला हात लावत खोलीत आले आणि मला खड्ड्यावरच्या फळ्या काढायला लावल्या. मग चाळीस वर्षं बसत होते तसे काठावर बसले आणि पाय आत सोडले.

"फॅन चालू हाय ना?"

"आहे."

"पायाले हवा लागून नाही राहिली. उदबत्ती लाव. खड्ड्यात धर आन् सांग मले, धूर कुठं जाते."

मी उदबत्ती लावून खाली धरली. धूर वर आला नाही. खड्ड्यातच निळसर थर होऊन पडून राहिला. मी ते सांगितलं, तसे ते म्हणाले, "तुह्या सात्यायचा श्वास जड हाय. खाली बसते. तू वरची हवा ओढून राहिली. वरची तं चांगलीच हाय."

दुसऱ्याच दिवशी टिनवाल्याने नळ खाली खड्ड्यापर्यंत वाढवला. खिडकीच्या वरच्या अर्ध्या भागाला ओलं गोणपाट लावून ताजी हवा तिथून आत घेतली. पंधरा दिवसांनी खालच्या मांडणीवर तळहाताएवढ्या टोप्या आल्या. सासऱ्यांनी एकेकीवरून बोट फिरवलं.

त्यानंतर ती खोली जणू त्यांचीच झाली. सकाळी चहा झाला की ते आत जायचे. कोळसा किती दिवसांनी उन्हात टाकायचा, गोणपाटावर पाणी कधी मारायचं, हे तेच पाहायचे. सडकी पिशवी त्यांना माझ्याआधी वासावरून सापडायची. मी टोपली घेऊन सदर भागातल्या एका खानावळीत माल देऊन यायचे. मालक कधी घ्यायचा, कधी परत पाठवायचा. परत आलेलं आम्हीच खायचो. तक्रार कोणाचीच नव्हती. काकू बोलत नव्हत्या, पण त्यांची खिडकी उघडी असायची.

दुसऱ्या हिवाळ्यात सासऱ्यांना खोकला लागला. आधी सकाळपुरता, मग दिवसभर, आणि संध्याकाळी अंगात कणकण. विणकराच्या घरात खोकला नवा नसतो, कापसाचा आहे म्हणून आम्ही काढा देत राहिलो. शेवटी दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, दिवसभर कुठे बसता?" त्यांनी सांगितलं. डॉक्टर घरी आले, खोलीत उजेड पाडून पाहिलं. टोप्यांच्या खाली, मांडण्यांवर, सगळीकडे पिठासारखी पांढरी धूळ होती. अळंबी पिकली की तिच्यातून ती झडते, श्वासावाटे आत जाते. "तोंडाला फडकं बांधल्याशिवाय खोलीत जाऊ नका," हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते माझ्या वहीतही होतं, माझ्याच अक्षरात. वर्षभर मी त्या खोलीतून बाहेर जाणारी हवा हुंगत होते. आतली हवा कोण घेतंय, ते मी पाहिलं नव्हतं.

मी खोली बंद करायचं ठरवलं. फडकं बांधून तेवढा वेळ बसणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, दम लागायचा. पिशव्या अंगणात काढल्या तेव्हा ते काठी घेऊन दारात आले.

"मले न विचारता?"

"मामाजी, डॉक्टरांनी सांगितलं ना, तुमच्या छातीत ती धूळ..."

"चाळीस वर्षं कापूस खाल्ला मी या खोलीत," ते म्हणाले. "तवा कोणी नाही केला माग बंद."

मी पिशव्या उचलत राहिले. ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पाणी मागायचं तरी यजमानांमार्फत मागायचे. खोकला उन्हाळ्यापर्यंत कमी झाला, पूर्ण कधी गेला नाही. मी एका शाळेत प्रयोगशाळेचं काम धरलं. एका संध्याकाळी मी घरी आले तर सासरे ओसरीवर होते. त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, तिथे प्रयोगशाळेच्या खोलीला खिडक्या किती आहेत. मी म्हटलं, सहा. "बरं हाय," ते म्हणाले, आणि मी चहा ठेवायला आत गेले.